दोन संदर्भ सापडेनात, आणि भावाचे मार्क घसरले

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डाळिंबाच्या तेल्या रोगाच्या जिवाणूवर कडुनिंब आणि तुळशीच्या पानांचा अर्क किती चालतो, हा माझा प्रोजेक्ट. दहावीपर्यंत शिक्षण मराठीतून झालं, त्यामुळे इंग्रजी लिहायला जड जातं. म्हणून रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, चॅटबॉटकडून लिहून घेतला आणि थोडे शब्द फिरवून चिकटवला. एकूण ३४ रेफरन्स आहेत. गाईड मॅडमनी त्यातले दोन शोधले, ते कुठेच नाहीत. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "सोमवारी बाकीचे ३२ घेऊन ये." तेव्हापासून झोप लागत नाही.

घरी दुसरीच गोष्ट. धाकटा भाऊ बारावी सायन्सला आहे. तोही सगळं चॅटबॉटलाच विचारतो. घरचा अभ्यास अगदी बिनचूक असतो, पण घटक चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ९ पडले. वडील यंत्रमागावर कामाला आहेत. 'एआयनं मेंदू सडतो' असा मेसेज त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तेव्हापासून ते दोघांचेही मोबाइल काढून घेतो म्हणतात. मैत्रिणी म्हणतात, एआयला नोबेल मिळालं, तू कशाला घाबरतेस? आम्ही हे वापरायचं की सोडायचं?

– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

आधी सोमवारचं बघू, कारण तुमची झोप तिथं अडकली आहे.

ते दोन संदर्भ तुम्ही रचले नाहीत. पण रिपोर्टवर नाव तुमचं आहे, म्हणून ते तुमच्या खात्यावर जमा झाले. हे घडलं कसं ते समजलं की बाकीचे ३२ तपासणं सोपं जाईल. चॅटबॉट वाचनालयात जाऊन कपाटातून अंक काढून आणत नाही. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, याचा हिशेब करत तो वाक्य पुढं नेतो. संदर्भाचा साचा तर ठरलेलाच असतो : आडनाव, वर्ष, शीर्षक, जर्नल, खंड, पानं. तो साचा भरायला यंत्राला काहीच अवघड नाही. ज्या विषयावर हजारो लेख आहेत, तिथं तोच संदर्भ इतक्यांदा छापलेला असतो की साचा बरोबर भरला जातो. तेल्यासारख्या विषयावर लेखन मोजकं. मग डाळिंबावर काम करणाऱ्या माणसांची खरी आडनावं, खऱ्या जर्नलचं नाव आणि शोभेल असं शीर्षक एकत्र येतं, आणि असा लेख कोणी लिहिलेलाच नसतो. २०२३ साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आलेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-३.५ ने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के बनावट निघाले. नवी साधनं इंटरनेटवर शोधून संदर्भ देतात, त्यामुळे पूर्णपणे रचलेले कमी होतात, पण एक वेगळी गफलत सुरू होते. तिच्याकडे येतोच.

रविवारी दुपारी तीन तास काढा. एका संदर्भाला साधारण पाच मिनिटं धरली तर ३४ चे १७० मिनिटं होतात. यादी कागदावर छापून घ्या आणि तीन रंगांचे पेन जवळ ठेवा. प्रत्येक लेखाचं पूर्ण शीर्षक दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा. डीओआय, म्हणजे लेखाची कायमची ओळख असलेला क्रमांक, दिला असेल तर तो डीओआय डॉट ऑर्गवर टाका आणि जो लेख उघडतो त्याचं शीर्षक तुमच्या यादीतलंच आहे का ते बघा. बनावट क्रमांक बऱ्याचदा भलत्याच विषयाच्या लेखावर जाऊन पोचतो, आणि काहीतरी उघडलं एवढ्यावर आपण टिक मारून मोकळे होतो.

खंड आणि वर्ष यांचा मेळ बसतो का, हीसुद्धा चांगली चाचणी. इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल सायन्सेस १९३१ साली सुरू झालं आणि त्याचा वर्षाला एक खंड निघतो. म्हणजे वर्षातून १९३० वजा केले की खंड क्रमांक मिळतो : २०१६ चा ८६ वा, २०२० चा ९० वा. तुमच्या यादीत याच जर्नलचा '२०१६, खंड ७४' असं काही दिसलं तर तो संदर्भ न उघडताही बाद. इतर जर्नलचं गणित असंच त्यांच्या संकेतस्थळावरच्या जुन्या अंकांवरून काढता येतं.

आता रंग. लेख आहे, तुम्ही उघडला, आणि तुमच्या वाक्यात जे म्हटलंय ते त्यात सापडलं, तर हिरवा. लेखच नाही, तर लाल. लेख खरा आहे, पण तुमच्या वाक्यातली गोष्ट त्यात नाही, तर पिवळा. वर म्हटलेली गफलत ती हीच, आणि तीन रंगांत पिवळाच सगळ्यात घातक. समजा तुमच्या रिव्ह्यूत 'कडुनिंबाच्या अर्कानं शेतात तेल्या आटोक्यात आला' असं वाक्य आहे. पुढं दिलेला लेख खरा आहे, पण त्यात फक्त प्रयोगशाळेतल्या प्लेटवरचे झोन (अर्काभोवती जिवाणू न वाढलेली वर्तुळं) मोजलेत, शेताचा उल्लेखही नाही. संदर्भ शोधणाऱ्याला हे सापडत नाही, वाचणाऱ्यालाच सापडतं. म्हणून नुसत्या सारांशावर थांबू नका. निष्कर्षाचा तक्ता किंवा आकृती उघडा आणि तुमचं वाक्य कुठल्या आकड्यावर उभं आहे ते पेन्सिलीनं तक्त्याच्या क्रमांकासह लिहून ठेवा. व्हायवात नेमका हाच प्रश्न येतो.

लाल आणि पिवळ्या संदर्भांचं काय करायचं? फक्त यादीतून नाव काढून भागत नाही. त्याच्या आधारानं रिव्ह्यूत जे वाक्य आलंय, तेही काढायचं, किंवा त्या वाक्याला खरा आधार शोधायचा. वाक्य तसंच ठेवून त्याला दुसरा एखादा संदर्भ चिकटवू नका, नाहीतर लालाचा पिवळा होईल, एवढंच.

खरा आधार शोधताना एक गोष्ट चॅटबॉट आपणहून बहुतेक सांगणार नाही. तेल्याच्या जिवाणूचं नाव मध्यंतरी बदललं. जुन्या लेखांत तो झँथोमोनास अ‍ॅक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिकी आहे, अलीकडच्या लेखांत झँथोमोनास सिट्री पॅथोव्हार प्युनिकी. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर अर्धं साहित्य हाती लागणार नाही. शिवाय तुम्ही सोलापुरात आहात, ही मोठी सोय आहे. २००५ पासून केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, विद्यापीठही तिथंच. महाविद्यालयाचं पत्र घेऊन, आधी वेळ ठरवून जा. तिथल्या प्रकाशनांची यादी पंधरा मिनिटं चाळलीत तर चॅटबॉटशी दोन तास बोलून मिळणार नाही ते हाती येईल. आणि एम.एस्सी.च्या रिव्ह्यूला ३४ चा आकडा गाठायलाच हवा असंही नाही. वाचलेले १८ संदर्भ असतील तर १८ च द्या.

मॅडमसमोर लपवाछपवी नको. "मॅडम, रिव्ह्यू मी चॅटबॉटकडून लिहून घेतला होता. सगळे ३४ तपासले, इतके हिरवे, इतके पिवळे, इतके लाल. लाल आणि पिवळ्यांवरची वाक्यं काढली आहेत, हा नवा मसुदा." एवढं बोला आणि तो रंगवलेला कागद पुढं ठेवा. त्यांनी ३४ पैकी दोन शोधून बाकीचं काम तुमच्यावर सोपवलं. त्या तुमची वाट बघताहेत, शिक्षा शोधत नाहीत.

रिव्ह्यूपेक्षा जास्त काळजी मात्र आम्हाला तुमच्या प्रयोगाच्या पद्धतीची वाटते. तुम्ही लिहिलं नाही, पण प्रोटोकॉलही चॅटबॉटकडून घेतला असेल तर तो ओळ न् ओळ तपासून घ्या. पहिली जागा तापमान. अर्काची चाचणी प्लेटवर घेण्याच्या पद्धती जगभर सगळ्यात जास्त लिहिल्या गेल्या त्या माणसाला रोग करणाऱ्या जिवाणूंवर, आणि त्यांचं तापमान ३७ अंश असतं. म्हणून यंत्राच्या तोंडीही ३७ पटकन येतं. तेल्याचा जिवाणू वनस्पतीवरचा, तो २८ ते ३० अंशांना चांगला वाढतो आणि त्याच्या पिवळ्या वसाहती, म्हणजे प्लेटवरचे जिवाणूंचे ठिपके, नीट दिसायला ४८ ते ७२ तास लागतात. ३७ ला ठेवून २४ तासांनी प्लेट बघितलीत तर वाढ विरळ दिसेल, आणि ती अर्कानं कमी झाली असं वाटेल.

दुसरी जागा द्रावकाची. अर्क मिथेनॉलमध्ये काढला असेल तर मिथेनॉल स्वतःही जिवाणूला मारतं. प्रत्येक प्लेटवर एका वेलमध्ये (अर्क भरायच्या खड्ड्यात) नुसतं द्रावक हवंच, तेवढ्याच मायक्रोलिटरचं. तो झोन मोजल्याशिवाय कडुनिंबाच्या झोनला अर्थ नाही.

तिसरी जागा म्हणजे गणित. ही जवळून बघू, कारण इथली चूक पुढं सगळीकडे जाते. समजा तुम्ही जिवाणूंचं द्रावण दहा-दहा पट विरळ करत दहाच्या उणे सहाव्या घातापर्यंत गेलात, त्यातलं ०.१ मिली प्लेटवर पसरलं, आणि ४२ वसाहती मोजल्या. ४२ हा आकडा ३० ते ३०० च्या मधला, म्हणजे मोजायला योग्य. आता ४२ ला दहा लाखांनी गुणलं की ४ कोटी २० लाख येतात, आणि बरेच जण इथंच थांबतात. चॅटबॉटला नुसतं 'उणे सहा, ४२ वसाहती' एवढंच सांगितलंत तर तोही इथंच थांबेल, कारण प्लेटवर किती पसरलं ते त्याला माहीतच नाही. ०.१ मिली पसरलं आहे, म्हणून आणखी दहानं गुणायचं : मूळ द्रावणात मिलीमागे ४२ कोटी. दहापट फरक. तुम्ही ४ कोटी समजून प्लेटवर जिवाणूंचा थर दिलात, पण प्रत्यक्षात थर दहापट दाट पडला, तर झोन लहान येणार, आणि निष्कर्षात लिहिलं जाणार की अर्क दुबळा आहे. यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटून तसाच सुटला तर चादरीच्या लांबीभर रेघ उमटते, हे तुमच्या वडिलांना विचारा. इथंही तसंच होतं : एका ओळीत दहा सुटले की सगळे तक्ते बिघडतात.

म्हणून आकडेमोडीसाठी चॅटबॉट वापरायचाच असेल तर त्याच्याकडून उत्तर घेऊ नका, सूत्र घ्या. प्रत्येक आकडा एककासह द्या, सूत्रातला प्रत्येक भाग का आहे ते त्याला विचारा, आणि गणित स्वतः कॅल्क्युलेटरवर किंवा एक्सेलमध्ये करा. मग एकदा हातानं पडताळा. सरासरी आणि प्रमाण विचलन काढतानाही तेच. तिथं आणखी एक खड्डा आहे : एकाच प्लेटवर अर्काचे तीन वेल केले म्हणजे तीन रेप्लिकेट, म्हणजे स्वतंत्र पुनरावृत्ती, झाले असं होत नाही. तीन वेगळ्या प्लेट लागतात, आणि शक्यतो वेगळ्या दिवशी नव्यानं वाढवलेल्या कल्चरवर. तीन आकडे दिले की चॅटबॉट मुकाट्यानं त्यांचं विचलन काढून देतो. ते कुठून आले हे तो क्वचितच विचारतो. मॅडम विचारतात. गाईड असतो तो त्यासाठीच.

इंग्रजीबद्दल तुम्ही जे लिहिलंय, ते वाचून मनापासून सांगावंसं वाटतं : त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि याच कामाला हे साधन खरोखर उपयोगी पडतं. फक्त क्रम बदला. आधी परिच्छेद तुम्ही लिहा, मोडक्या इंग्रजीत, अडेल तिथं मराठी शब्द घालून. मग एक-एक परिच्छेद देऊन सांगा : "वाक्यं पुन्हा लिहू नकोस. व्याकरणाच्या चुका क्रमानं दाखव आणि प्रत्येकीचं कारण एका ओळीत सांग." दुरुस्ती स्वतःच्या हातानं करा. पाच-सहा परिच्छेदांनंतर त्याच-त्याच चार चुका पुन्हा येताहेत असं लक्षात येईल, आणि सातव्या परिच्छेदात त्या आपोआप कमी होतील. सगळं 'सुधारून दे' म्हटलंत तर दोन गोष्टी बिघडतात. एक, तुमचं 'असं दिसतं' हे यंत्राच्या हातून 'सिद्ध होतं' बनतं. तीन प्लेटवर काही सिद्ध होत नसतं. दोन, पारिभाषिक शब्द बदलतात. 'इनहिबिशन झोन' हा शब्द तोच राहायला हवा, त्याला समानार्थी शब्द शोधायचा नसतो.

असे बदललेले किंवा चुकून तयार झालेले शब्द विज्ञानात किती खोल रुजतात, याचं एक उदाहरण तुमच्याच शाखेतलं. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' नावाचं तंत्र अस्तित्वातच नाही. १९५० च्या दशकातला एक लेख दोन रकान्यांत छापला होता. तो स्कॅन करताना एका रकान्यातला 'व्हेजिटेटिव्ह' शेजारच्या रकान्यातल्या 'इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी'ला चिकटला. पुढं फारसीतून इंग्रजीत भाषांतर होतानाही हाच शब्द निघू लागला, कारण फारसीत 'स्कॅनिंग' आणि 'व्हेजिटेटिव्ह' यांच्या लिखाणात एका ठिपक्याचा फरक आहे. मग तो छापील शोधनिबंधांत आला, तिथून भाषिक मॉडेलांच्या शिकवणीत गेला, आणि आता चॅटबॉटही तो लिहितात. २०२४ च्या फेब्रुवारीत एका आंतरराष्ट्रीय जर्नलनं एआयनं काढलेलं उंदराचं अशक्य अवयवांचं चित्र छापलं आणि काही दिवसांत तो लेख मागं घ्यावा लागला. त्या चित्राची चूक कोणालाही दिसली असती. तुमच्या ४२ कोटींची चूक तुमच्याशिवाय कोणाला दिसणार नाही.

सबमिशनच्या नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण साम्य तपासणारं सॉफ्टवेअर संदर्भ खरा आहे का ते सांगत नाही. बनावट संदर्भ असलेला रिव्ह्यू ५ टक्क्यांतही सुटेल, म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका. 'एआयनं लिहिलंय का' ते ओळखणारी साधनंही भरवशाची नाहीत. ओपनएआयनं स्वतःचं असं साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के त्यांनी यंत्राचे ठरवले. तुमच्यासारख्या मुलीवर असा खोटा आळ येऊ शकतो. त्यावर एकच उपाय : मसुद्यांचा पुरावा ठेवा. गूगल डॉक्समध्ये लिहा म्हणजे बदलांचा इतिहास राहतो, आणि प्रयोगाची वही तारखेनिशी, पेननं, खाडाखोडीसकट ठेवा. 'माणसाचं वाटेल असं करून देतो' म्हणणारी साधनं वापरू नका. ती तांत्रिक शब्दच आधी मोडतात.

आणि वापर केलाय तर तसं लिहा. नेचर आणि सायन्स या दोन्ही नियतकालिकांनी जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं की चॅटबॉट लेखक होऊ शकत नाही, कारण तो लिहिलेल्याची जबाबदारी घेऊ शकत नाही. तुमच्या रिपोर्टच्या प्रास्ताविकात साधनाचं नाव, महिना आणि काम एवढं पुरे : 'इंग्रजी व्याकरणाच्या तपासणीसाठी अमुक साधन वापरले. प्रयोगाची आखणी, नोंदी, गणित आणि निष्कर्ष माझे आहेत. सर्व संदर्भ मी स्वतः उघडून वाचले आहेत.' हे खरं झाल्यावरच लिहा. ज्या शेतकऱ्यांच्या बागेतून रोगट पानं आणलीत, त्यांची नावं, गट क्रमांक आणि तुमचे न छापलेले आकडे मात्र चॅटबॉटमध्ये टाकू नका.

मैत्रिणींच्या नोबेलबद्दल. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एआयला मिळालेलं नाही, माणसांना मिळालं : अर्धं डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिनं घडवण्यासाठी, अर्धं डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्डसाठी. अल्फाफोल्ड चॅटबॉट नाही. माणसांनी प्रयोगशाळांत काढलेल्या आणि १९७१ पासून प्रोटीन डेटा बँकेत साठवलेल्या रचनांवर ते शिकलं, आधी जाहीर न केलेल्या रचनांवर त्याची परीक्षा झाली, आणि प्रथिनाच्या प्रत्येक भागाशेजारी ते ० ते १०० असा खात्रीचा आकडा देतं. चॅटबॉट खरा आणि खोटा संदर्भ एकाच ठाम सुरात देतो. दोन्हींना एआय म्हणतात, एवढंच काय ते साम्य.

आता भाऊ. घरी बिनचूक आणि चाचणीत ९, हे त्याच्या आळसाचं लक्षण नाही. तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणिताचा असाच प्रयोग झाला. साधा चॅटबॉट मिळालेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, पण चॅटबॉट काढून परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं, ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा, १७ टक्क्यांनी मागं पडली. तिसऱ्या गटाला असा चॅटबॉट दिला होता की तो उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देई. त्या गटाचं हे नुकसान जवळपास झालं नाही. साधन एकच, फक्त उत्तर आधी येतं की धडपड आधी होते, एवढा फरक.

त्याच्या पहिल्या धड्यातलं गणित घ्या. वळणाची त्रिज्या ९० मीटर, वेग ताशी ५४ किलोमीटर, रस्त्याला किती अंशांचा उतार हवा? चॅटबॉट सहा सुबक ओळी देतो : वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले ९.८, म्हणजे २२५ भागिले ८८२, म्हणजे ०.२५५, कोन साधारण १४.३ अंश. भाऊ वाचतो, मान डोलावतो, वहीत उतरवतो. त्याला समजलंय असं वाटतं, कारण वाचताना प्रत्येक ओळ पटते. पण परीक्षेत या सहा ओळींच्या आधी दोन गोष्टी स्वतः कराव्या लागतात, आणि त्याच त्यानं कधी केल्या नाहीत : गाडीवरच्या बलांची आकृती काढून रस्त्याच्या आधारबलाचे दोन घटक पाडणं, आणि ताशी किलोमीटरचे सेकंदाला १५ मीटर करणं. ५४ तसाच ठेवून वर्ग केला तर कोन ७३ अंश येतो. ७३ अंशांचा रस्ता म्हणजे जवळजवळ भिंत. स्वतः झगडलेला मुलगा तिथं थबकतो. उतरवून घेणारा पुढच्या प्रश्नाकडे जातो.

त्याच्यासाठी पद्धत अशी. गणित घेतलं की वीस मिनिटं मोबाइल दुसऱ्या खोलीत. आकृती काढायची, एककं बदलायची, अडलं तर अडलेल्या ओळीखाली रेघ मारायची. मग मोबाइल आणून हे लिहायचं : "मी बारावीचा विद्यार्थी आहे. गणित आणि मी केलेल्या ओळी खाली आहेत. उत्तर देऊ नकोस, पुढची ओळही लिहू नकोस. माझी पहिली चूक कोणत्या ओळीत आहे तेवढं सांग आणि मला एकच प्रश्न विचार." सूचना मिळाली की मोबाइल बंद, आणि तेच गणित कोऱ्या पानावर पहिल्यापासून. दोन दिवसांनी पुन्हा एकदा, काही न बघता. पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतः आठवून लिहिणं का टिकतं, ते २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलं : पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढं होते, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे, ५६ टक्के विरुद्ध ४२. भावाची चाचणीही अभ्यासानंतर पाच मिनिटांनी नसते.

यात बिघडतं काय तेही त्याला सांगून ठेवा. दोन-तीन प्रश्नांनंतर चॅटबॉट पहिली सूचना विसरून सगळं सोडवून देतो. तेव्हा तीच सूचना पुन्हा चिकटवायची. वहीचा फोटो टाकला तर थीटाचा शून्य आणि ९.८ चे ९८ होऊ शकतात, म्हणून आधी 'तू काय वाचलंस ते लिही' म्हणायचं. आणि 'तुझं चुकलंय' असं ठासून म्हटलं तर तो बरोबर उत्तरही सोडून देतो. त्यामुळे वाद घालून त्याच्याकडून काही पक्कं करून घेता येत नाही. पक्कं करायला पाठ्यपुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण आहे. संकल्पना मराठीतून समजून घ्यायला हरकत नाही. बारावीला शब्द मात्र पुस्तकातले, इंग्रजीच ठेवावेत.

वडिलांचा मेसेज बहुधा एमआयटीच्या २०२५ च्या अभ्यासावर बेतलेला असावा. त्यात ५४ जणांनी निबंध लिहिले, आणि चॅटबॉट वापरणाऱ्यांच्या मेंदूच्या भागांतला संपर्क कमी दिसला. अनेकांना स्वतःच्याच निबंधातलं वाक्य आठवेना. अभ्यास लहान होता, आणि 'मेंदू सडतो' असले शब्द वापरू नका, असं तो करणाऱ्यांनीच सांगितलंय. पण वडिलांची काळजी खोटी नाही. मोबाइल काढून घेऊन मात्र भागणार नाही, भाऊ मित्राच्या मोबाइलवर तेच करेल. त्याऐवजी वडिलांनी पाळी संपवून आल्यावर, जेवणाआधी दहा मिनिटं, भावाला वहीतलं एक गणित तोंडी समजावून सांगायला लावावं. त्यांना फिजिक्स येत नसलं तरी चालतं. "हे इथं का आलं?" आणि "उत्तर ७३ का नाही?" एवढे दोन प्रश्न पुरतात. भाऊ ज्या ओळीवर अडखळेल, त्या ओळीपासून दुसऱ्या दिवशीची वीस मिनिटं सुरू करायची.